वाळूतले डॉलर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहोटी लागली, म्हणजे वाळूत पांढऱ्या चकत्या सापडतात. भाकरीसारख्या गोल, चपट्या, आणि पाठीवर जणू कुणी पाच पाकळ्यांचे फूल कोरलेले. चांदीच्या नाण्याशी साम्य दिसले म्हणून त्यांना नाव पडले 'सँड डॉलर', वाळूतला डॉलर. पण हे नाणे नव्हे आणि शिंपलाही नव्हे. हा एका प्राण्याचा सांगाडा आहे.

हा प्राणी तारामाशाच्या गोतातला, आणि काटेरी समुद्री साळूचा तर अगदी जवळचा भाऊबंद. जिवंतपणी त्याचा रंग करडा-जांभळा असतो आणि अंगभर मखमलीसारखे बारीक काटे असतात. हे काटे हलवीतच तो वाळूत सरकतो. पाठीवरचे फूल केवळ शोभेचे नाही बरे का! त्या पाकळ्यांतल्या छिद्रांमधून नाजूक नलिकापाद बाहेर येतात आणि पाण्यातला प्राणवायू घेतात. म्हणजे हे फूल त्याच्या श्वासाचे साधन झाले. तोंड मात्र खालच्या अंगाला, मधोमध. त्यात पाच दातांचा जबडा असतो. त्याला शास्त्रज्ञ 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात.

अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळणाऱ्या जातीची राहणी मोठी मौजेची आहे. पाणी संथ असले, की मांडणीवर ताटे लावावीत तसे हे शेकडो प्राणी अर्धे वाळूत रुतून कडेवर उभे राहतात आणि प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव टिपतात. लाटा खवळल्या, की वाळूत आडवे होतात. पिल्ले हलकी, ती वाहून जायची! म्हणून ती वाळूतले जड कण निवडून गिळतात आणि पोटात वजन बाळगतात.

त्यांच्या डिंभांची युक्ती तर याहून नवलाची. माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाची चाहूल लागताच डिंभ आपल्यासारखीच प्रतिकृती निर्माण करतात, असे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एकाचे दोन होतात, आकाराने लहान होतात, आणि शत्रूच्या नजरेतून सुटण्याची शक्यता वाढते.

एवढी धडपड करून वाढलेला हा जीव कित्येकदा माणसाच्या हौसेला बळी पडतो. पाण्याबाहेर तो फार काळ तग धरीत नाही. तेव्हा चकती पांढरी आणि गुळगुळीत असली, तर ती रिकामी समजावी. जांभळी, मखमली असली आणि तळहातावर काटे हुळहुळले, तर ती हलकेच पाण्यात परत ठेवावी. तो डॉलर अजून समुद्राच्या खात्यावर जमा आहे!