पहिली कादंबरी कोणती द्यावी?

सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिली कादंबरी कोणती द्यावी, असे पालक वारंवार विचारतात. बहुधा त्यांना बोधप्रद पुस्तक हवे असते. आमचे मत निराळे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आधी द्यावी. ती आकाराने लहान आहे. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर ओस पडलेली शाळा भरवतो आणि मुले गोळा करता करता स्वतःच वाडीचा होऊन जातो. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे वाडी सोडून जातात. ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्या वसतिगृहातील मुलाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. संवादांतील बोली प्रथम अडवते. म्हणून पहिली काही पाने शिक्षकांनी मोठ्याने वाचावीत.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) मात्र आठवीसाठी राखावी. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक मुलांना भुरळ घालतो. परंतु संपूर्ण जमातींना गुन्हेगार ठरविणाऱ्या ब्रिटिश कायद्याची ओळख आधी करून द्यावी लागते. ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. ते पान ओलांडून पुढे जाऊ नये. वाचून झाल्यावर सारांश लिहून मागू नये. कोणते पात्र आवडले, एवढे रात्री जेवताना विचारले तरी पुरते.