नांव देण्यापूर्वीं

नांवें ठेवणें सोपें, नांव देणें कठीण, असें आम्ही वर्गांत विनोदानें म्हणतों. सूक्ष्मजंतुशास्त्रांत तें अक्षरशः खरें आहे.

अमेरिकेंतील पोटोमॅक नदीच्या गोड्या पाण्याखालील गाळांत थोडें खोल गेल्यास प्राणवायु मिळत नाहीं. तरीहि तेथें जीव नांदतात. त्या गाळांतून वेगळ्या केलेल्या एका जंतूचें वर्णन डेरेक लव्हली व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. आपण श्वसनासाठीं प्राणवायु वापरतों. हा जंतु त्याऐवजीं लोहाचा गंज वापरतो, आणि त्या गंजापासून चुंबकास चिकटणारें मॅग्नेटाइट बनतें.

असा जंतु सांपडूनहि त्यास 'जीएस-१५' एवढीच खूण होती. कां बरें? सूक्ष्मदर्शकांत कांडीसारखे दिसणारे जंतु असंख्य. केवळ रूपावरून कूळ ठरत नाहीं. जंतूचें अन्न व श्वसन तपासावें लागतें, पेशींतील आर.एन.ए.ची रचना इतर जंतूंशीं ताडून पाहावी लागते. हें झाल्यावर १९९३ सालीं त्याचें 'जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसेन्स' असें नामकरण झालें. पहिला शब्द वंशाचा, अर्थ 'भूमींतील कांडी'. दुसरा जातीचा, अर्थ 'धातूचें क्षपण करणारा'.

ही निव्वळ पंडिती हौस नव्हे. पाण्यांत विरघळलेल्या युरेनियमला हा जंतु न विरघळणारें रूप देतो, असें १९९१ सालीं दिसून आलें. दूषित पाणी सुधारण्यास कोणता जंतु उपयोगी, हें सांगावयाचें तर त्याची ओळख निःसंशय हवी. म्हणून, विद्यार्थ्यांनो, आधीं पाहा, मग ताडा, आणि नांव सर्वांच्या शेवटीं द्या.