माशांची पिले, नदीचे खत आणि प्रवरा

बेलापूर नावाचे रेल्वे स्थानक बेलापुरात नाही, ते श्रीरामपूर शहरात आहे. आणि नुसत्या नावावर विसंबून तेथे उतरलेल्या नवख्या प्रवाशाने प्रवरा कोठे म्हणून चौकशी केली, तर नदीचे दर्शन घडण्यापूर्वी त्याला रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. माशांच्या बाबतीतही नावाने अशीच फसगत होते. बर्फाच्या पेट्यांतून येणारा रावस हॉटेलांच्या यादीत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिरवतो खरा, परंतु खऱ्या सॅल्मनशी त्याचे कुळनाते नाही: रावस हा किनाऱ्यालगतचा आणि खाड्यांचा रहिवासी, तर प्रशांत महासागराचा सॅल्मन गोड्या पाण्याच्या थंड ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन पुष्ट होतो आणि वयात आल्यावर जन्मस्थानी परतून, अंडी घालून, तेथेच देह ठेवतो. त्याचाच भाऊबंद स्टीलहेड, म्हणजे समुद्रावर जाऊन येणारा इंद्रधनुषी ट्राउट, मात्र प्रत्येक वेळी मरतोच असे नाही; काही मासे पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा परततात.

अशा ओढ्याच्या काठी सडणारी मासळी पाहून पाणी नासले असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती अशी की, सॅल्मनच्या अंगातील नव्वद टक्क्यांहून अधिक ऐवज हा समुद्रात मिळवलेला असतो, आणि तो मेला म्हणजे त्यातील नत्र व स्फुरद त्या दरिद्री ओढ्याच्या खात्यावर जमा होते. अस्वले हे मासे ओढून रानात नेतात. समुद्रातील नत्राची जी विशिष्ट खूण असते, ती काठावरच्या वृक्षांतही शास्त्रज्ञांना सापडली आहे. पुढे धरणे, मासेमारी आणि जंगलतोड यांनी मासे घटले, त्याबरोबर ही वार्षिक रसदही आटली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे अमेरिकेच्या वायव्य भागातील नद्यांस पूर्वीच्या तुलनेत जेमतेम 6 ते 7 टक्के सागरी नत्र व स्फुरद पोहोचत होते. म्हणजे मासे कमी म्हणून खाद्य कमी, आणि खाद्य कमी म्हणून पिले कमी, असा तो तोट्याचा जमाखर्च.

तो भरून काढण्याची तजवीज म्हणून तेथे मत्स्यपैदास केंद्रांतील मृत मासे ओढ्यांत टाकतात, किंवा सावकाश विरघळणारे खत घालतात. व्हँकूवर बेटावरील किओ नदीत 1980 च्या दशकात हा प्रयोग झाला, तेव्हा पिले अधिक वजनदार भरली आणि स्टीलहेडची पिले समुद्रावर जाण्याजोगी लवकर झाली. परंतु पिले ते खत खातात, ही समजूत चुकीची आहे. खताने दगडांवरचे शेवाळ वाढते, शेवाळावर पाणकिड्यांच्या अळ्या पोसतात, आणि त्या अळ्या पिलांच्या तोंडी पडतात. टाकलेल्या मृत माशांचे मांस व अंडी मात्र ती थेटही टोचतात. मृत मासे कसेही आणून टाकले जात नाहीत, रोग पसरू नये म्हणून त्यांची तपासणी किंवा उष्णतेने प्रक्रिया होते. आणि खताची मात्रा एका लिटरला काही मायक्रोग्रॅम स्फुरद, इतक्या बारीक तराजूने तोलली जाते.

आता आपल्या ओट्यावर बसून कोणी म्हणेल की, चढणीचे मासे आपल्याकडेही आहेत, तेव्हा हा उपाय प्रवरेलाही लागू करावा. पण पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर वर चढणारे आपले मासे अंडी घालून मरत नाहीत, आणि समुद्राची पुंजी तर मुळीच आणत नाहीत. गोदावरीत समुद्रातून वर येणारा हिलसा, ज्यास मुंबईकडे पाला म्हणतात, तो आहे. परंतु तोही अंडी घालून मरत नाही, आणि आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धवळेश्वरम येथे बांधलेल्या अनिकटापाशी, म्हणजे बंधाऱ्यापाशी, त्याची वाट अडली. तेथून बेलापूर कितीतरी दूर!

खरी गफलत मात्र याहून जवळची आहे, आणि ती सर्वस्वी अज्ञानातून आलेली नाही. शेततळ्यात कटला-रोहूचे बीज सोडण्याआधी शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकतात, पाण्यास हिरवट रंग येतो, आणि मासे झपाट्याने वाढतात, हे आमच्या भागातील शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा उसाच्या रानातून वाहून आलेले खत, गावचे सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी नदीत मिसळले तर माशांचे भलेच होईल, असा हिशेब तो मांडतो. पण तळ्याचा मालक पाण्याचा रंग पाहून मात्रा थांबवतो. नदीला मालकही नाही आणि थांबवणाराही नाही. शिवाय मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशची प्राणवायूची मागणी लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या घरात असते, घरगुती सांडपाण्याची दोनशे-तीनशेच्या आसपास. त्याला खत म्हणणे म्हणजे सावकाराला दाता म्हणण्यासारखे आहे.

ज्येष्ठातील एका पहाटे प्रवरेवरील एका बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यावर मी उभा होतो. पाणी गर्द हिरवे, कडेला जलपर्णीचा गालिचा; आणि मध्यभागी कटल्याची तोंडे पाण्याच्या पातळीवर उघडमीट करीत होती. दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडणारे तेच शेवाळ रात्री तो ओढून घेते, म्हणून उजाडण्याच्या सुमारास पाण्यातील त्याचा साठा तळ गाठतो. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी एका कोपऱ्यात सळसळणारी मरळ दाखवून सांगितले, “पाणी चांगलंय की हो, ही बघा!” परंतु मरळ आणि मांगूर यांस वरची हवा घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे; पाणी नासल्यावर शेवटपर्यंत तग धरणारे तेच. म्हणून मरळीची साक्ष पाण्याच्या बाजूने ग्राह्य धरता येत नाही.

या नदीस खताची नव्हे, तर प्रवाहाची व प्राणवायूची उपासमार आहे. भंडारदऱ्याच्या धरणाचे बांधकाम 1926 साली पूर्ण झाले, तेव्हापासून तिचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही तीरांच्या कालव्यांत वळते, ऊस पिकवते, आणि पात्राच्या वाट्याला आवर्तनापुरते उरते; खाली टोक्याजवळ ती गोदावरीस मिळते, तेथे जायकवाडीच्या जलाशयाची फुग. मधले पात्र कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी डबकी-डबकी केले आहे, आणि ज्या वाळू-गोट्यांत मासे अंडी घालत, ती वाळू ट्रॅक्टरांतून बांधकामावर गेली.

बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढावयाचे असतात. मृगाचा पहिला लोंढा येईल त्या रात्री ते काढलेले असले, तर मासा वर चढेल. अडकलेले राहिले, तर तो भिंतीशीच घुटमळेल, आणि तेथे जाळे घेऊन माणसे बसलेली असतात.