मानसशास्त्राच्या पदवीचा जमाखर्च
(तृतीय वर्ष, कला)

बी.ए.ला मानसशास्त्र घेतले आहे असे सांगितले की ऐकणारे हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "मग माझ्या मनात काय चाललंय ते सांग बघू!" आणि दुसरा, "पुढे त्याचा उपयोग काय?" पहिला प्रश्न थट्टेवारी नेता येतो. दुसऱ्यातील 'उपयोग' या शब्दाचा अर्थ मात्र 'पैसा' असा असतो, आणि ज्या घरात रुपया मोजून खर्च होतो तेथे तो प्रश्न रास्तच आहे. म्हणून या पदवीचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा असे मी ठरविले.

प्रथम खर्चाची बाजू घेऊ. फी, पुस्तके व एस.टी.चा पास मिळून वर्षाला १६,००० रुपये धरले, तर तीन वर्षांचे ४८,००० होतात. जेवणखाण धरलेले नाही. ते कॉलेजात न जाताही लागतेच. पण खरा मोठा खर्च कोणत्याच पावतीवर नसतो. बारावीनंतर दुकानात महिना ९,००० रुपयांवर राहिलेला मुलगा ३६ महिन्यांत ३,२४,००० रुपये मिळवितो. ते आपण सोडलेले असतात. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. एकूण झाले ३,७२,०००.

आता जमेची बाजू. दुकानातल्या त्या मुलालाही मधल्या काळात पगारवाढ मिळते. म्हणून त्याच्या तेव्हाच्या पगाराशी तुलना करावयाची. पदवीमुळे महिना २,५०० रुपये जास्त मिळाले, तर खर्च भरून निघायला बारा वर्षांहून अधिक काळ लागतो. ६,००० जास्त मिळाले, तर पाच वर्षांहून थोडा अधिक. शिवाय उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. सात टक्के चक्रवाढ व्याज धरले, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १,००० रुपयांची आजची किंमत सुमारे ५०८ रुपयेच भरते. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत.

शिक्षणाने पगार का वाढतो, याची दोन उत्तरे अर्थशास्त्रज्ञ देतात. गॅरी बेकर यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात शिक्षणाला माणसातील भांडवल मानले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखविले की, पदवी ही मालकाला दिलेली एक खूणही असते. बी.ए. मानसशास्त्राच्या बाबतीत मला दुसरे उत्तर अधिक लागू पडते असे वाटते. बँकेच्या व लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना 'पदवीधर' असणे पुरते. विषय कोणता, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मग मानसशास्त्राला म्हणून किंमत केव्हा येते? शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली, तीत नुसत्या बी.ए.ला स्थान नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली अर्हता, अथवा पदव्युत्तर पदवी व त्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., अशी ती अट आहे. तीन, दोन आणि दोन मिळून सात वर्षे झाली! या अभ्यासक्रमांची नावे व रचना सध्या बदलत आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी परिषदेची मान्यता तपासणे हे उत्तम.

खालच्या पायरीवर काहीच नाही असेही नव्हे. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध ही संख्याशास्त्राची साधने आपण शिकतो. प्रश्नावली तयार करणे, मुलाखत घेणे यांचाही सराव होतो. सर्वेक्षण व मनुष्यबळ विभागांत या कामांना मागणी असते. पण हा पेपर केवळ पास होण्यापुरता करणाऱ्याने त्या मागणीची आशा धरू नये.

माझ्यापुरते सांगायचे तर एम.ए.साठी मला शहरात राहावे लागेल. धाकट्या बहिणीलाही परिचारिकेच्या शिक्षणासाठी शहरातच जायचे आहे, आणि दोघांचा खर्च घराला एकदम झेपणारा नाही. माझी तीन वर्षे खर्च होऊन गेली. निर्णय घेताना ती मोजायची नाहीत, पुढचा रुपयाच मोजायचा. तिचे शिक्षण संपले की ती थेट कामास लागू शकते. माझी शिडी एम.ए.नंतरही उरतेच. म्हणून आधी ती जाईल. मी पदवीवर नोकरी धरीन आणि एम.ए. त्यानंतर करीन. विषय आवडत नाही म्हणून नव्हे, आवडतो म्हणूनच तो अर्धवट सोडावा लागू नये यासाठी.

यंदा प्रथम वर्षास आलेल्या मित्रांनी विषयाच्या रकान्यात खूण करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारात घ्याव्यात: किती पायऱ्या चढायच्या आहेत, मधल्या वर्षांचा खर्च कोण करणार, आणि वाटेत थांबावे लागलेच तर हाती काय राहील? ही उत्तरे तयार असतील, तर मानसशास्त्र खुशाल घ्यावे.