रस्त्यावर हात पसरणाऱ्याला पैसे द्यावेत का?

पाचवीच्या वर्गात परोपकार शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुळजापूरला देवळाच्या रस्त्यावर माझ्याएवढी मुलं पैसे मागतात. द्यायचे का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मागणं म्हणजे दरवेळी भीक नसते. मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन आराधीण दारात येते, आपण परडीत पीठ-मीठ घालतो. नवस असला की खात्यापित्या घरच्या बायकाही पाच घरी जोगवा मागतात. तिथं कुणी 'देऊ की नको' करत बसत नाही. थकलेल्या म्हाताऱ्या माणसालाही भाकरी द्या, नाहीतर दहा रुपये द्या; त्यात फार हिशेब करू नये, असं मला वाटतं.

लेकराचं मात्र वेगळं आहे. त्याच्या हातावर रोज पैसे पडू लागले, की त्याला शाळेत कोण पाठवणार? मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून मुलाला खायला द्यावं, त्याच्याशी दोन शब्द बोलावं आणि १०९८ या मोफत क्रमांकावर कळवावं.

मुलीला एवढं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग तो आपल्या शाळेत येईल का?"

येऊ शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना तर सोडाच, आपल्यातल्या काही शिक्षकांनाही ठाऊक नसतं.