आंबेनळीत दरीकडे पाठ करून थांबा

तुडीलहून महाबळेश्वरला निघालेली गाडी पोलादपूरला महामार्ग सोडते आणि आंबेनळी घाटाला लागते. घाटात थांबलं की सगळे दरीकडे बघतात. दरी देखणी आहेच. पण एकदा तिच्याकडे पाठ करा आणि रस्त्यासाठी तासलेला कातळ बघा.

काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले दिसतील. हा सगळा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो पुन्हा पुन्हा उसळला, पसरला, निवला. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाचा लाल पट्टा दिसतो. तिथे जरूर हात लावा. निवलेल्या लाव्ह्याचा वरचा भाग ऊनपावसाने झिजून माती झाला होता. त्या मातीवर पुढचा तप्त लोंढा आला आणि ती कायमची गाडली गेली. दोन उद्रेकांमधली उसंत अशी हाताला लागते! माझ्या मते अख्ख्या घाटात याहून मोठं दृश्य नाही.

भूशास्त्रज्ञांनी रासायनिक घडणीवरून या थरांचे गट पाडले, तेव्हा नावं इथलीच घेतली: खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्याकडे महाबळेश्वर. डोळ्यांना तिन्ही काळेच. पण पोलादपूर गटाच्या लाव्ह्यात वर येताना भूकवचातला खडक मिसळला; आंबेनळीचा मात्र पृथ्वीच्या पोटातून जवळजवळ निर्भेळ आला. आणि तो गेला किती दूर! आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ सापडणारा लाव्हा आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळतो. सह्याद्रीकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत तो पूर्व किनाऱ्याला पोचला, असं संशोधक मानतात.

निवताना या दगडातल्या लोहकणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. घाटातल्या बहुतेक थरांत ती आजच्या उलट आहे: तेव्हा होकायंत्राच्या काट्याचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. महाबळेश्वर गटात, वरच्या भागात, ती पालटलेली सापडते. त्याच्याही वर पठारावर जांभा, म्हणजे पावसाने कुजवलेला हाच लाव्हा.

पावसाळ्यात मात्र कातळाखाली उभं राहू नका, दरडी कोसळतात. हिवाळ्यात जा, आणि वळण सोडून रुंद जागा बघूनच गाडी लावा.