बिलाचा फोटो आणि एक्सेलची ओळ

“या महिन्यात मेसचं बिल एवढं कसं आलं?” हा प्रश्न हॉस्टेलवर दर महिन्याला विचारला जातो. उत्तर एका फाइलीत असतं. तिथे किराणा, गॅस, दूध आणि भाजीची बिलं टाचून ठेवलेली असतात आणि कोणीतरी जागरण करून ती एक्सेलमध्ये भरत बसतं. हे काम मशीनकडून करून घेता येतं का? येतं. त्यासाठी कॉम्प्युटर ब्रँच लागते असंही नाही, तेव्हा सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये!

लो-कोड म्हणजे काय, तर प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि एकमेकांना जोडायचे. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट (२०१९ पर्यंत याचंच नाव फ्लो होतं) आणि बर्लिनचं एन-एट-एन ही त्यातली दोन नावं. दुसरं आपल्याच कॉम्प्युटरवर टाकून आपल्या कामापुरतं फुकट वापरता येतं. पहिला चौकोन सांगतो, फोल्डरमध्ये नवा फोटो आला की सुरू हो. पुढचा अक्षरं वाचतो, त्यापुढचा दुकानदार, तारीख आणि रक्कम वेगळी काढतो, शेवटचा शीटमध्ये ओळ भरतो. एका दुपारचं काम.

अक्षरं ओळखण्याची विद्या, म्हणजे ओसीआर, जुनीच आहे. एचपी कंपनीत ऐंशीच्या दशकात जन्मलेलं टेसरॅक्ट २००५ साली सगळ्यांना खुलं झालं, आणि ते छापील मराठीही वाचतं. पण अक्षर वाचणं वेगळं आणि “एकूण”शेजारचा आकडा म्हणजे द्यायचे पैसे हे कळणं वेगळं. म्हणून पॉवर ऑटोमेटला एकाच छापाची निदान ५ बिलं दाखवून, कुठे काय असतं ते शिकवतात. मग प्रत्येक उत्तराबरोबर किती खात्री आहे याचाही आकडा मिळतो.

त्या खात्रीवर किती विसंबायचं? माझं मत, फार नाही. मशीनला अक्षराच्या आकाराची खात्री असते, व्यवहाराची नाही. व्यवहार आपण तपासायचा.

पक्क्या बिलावर हे सोपं जातं. दुकानदाराचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन : पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यामुळे आकड्याच्या जागी ‘ओ’ आला की ते शून्य आहे हे उघडच. शेवटचं अक्षर आधीच्या १४ वरून गणिताने काढलेलं असतं. एक जरी अक्षर चुकीचं वाचलं गेलं तरी ते जुळत नाही.

भाजीवाल्याच्या कच्च्या बिलाला असलं काही नसतं. वर ते हाताने, मराठी आकड्यांत लिहिलेलं. आता गंमत बघा. मराठी ४ दिसतो थेट इंग्रजी आठसारखा. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे सांगायला नकोच!) समजा बिलात लिहिलंय, कांदा १० किलो, दर ४०, रक्कम ४००. मशीनने दोन्ही ठिकाणी ४ चा आठ केला तर वाचलं जाईल १० किलो, दर ८०, रक्कम ८००. गुणाकार करून बघा, बरोब्बर जुळतो! म्हणजे गुणाकाराची तपासणी इथे कुचकामी, आणि जादाचे ४०० रुपये सगळ्यांच्या मेस बिलात वाटले जाणार. कोणाला पत्ताही लागणार नाही.

यावर उपाय म्हणजे गेल्या आठवड्याच्या दराशी तुलना. कांदा एका आठवड्यात दुप्पट झाला असेल तर ओळ थेट शीटमध्ये जाऊ द्यायची नाही. “जर-तर”चा एक चौकोन टाकायचा आणि ते बिल फोटोसकट मेस सेक्रेटरीच्या ईमेलवर पाठवायचं. त्याने बघून हो म्हटलं की मगच पुढे. कांद्याचे भाव कधीकधी खरोखरच दुप्पट होतात, म्हणून ओळ परस्पर खोडायचीही नाही.

अजून एक. शीटमधल्या प्रत्येक ओळीत मूळ फोटोची लिंक ठेवा. महिनाअखेरीस कोणी भांडायला आलाच, तर त्याला आकडा नाही, भाजीवाल्याचं अक्षर दाखवता येईल.